अकरा डिसेंबरची पहाट

दर वर्षी १० डिसेंबरच्या रात्री आमचे नाना झोपत नाहीत. जेवण झालं की पडवीत घोंगडी अंथरतात, कानटोपी ओढतात, बॅटरी उशाशी ठेवतात आणि बसून राहतात. भिंतीला पाठ टेकत नाहीत. पहाटे साडेचार वाजून गेले की उठतात, गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतात आणि चुलीपुढे येऊन चहा मागतात. मग दिवस नेहमीसारखा सुरू होतो.

लहानपणी आम्ही या रात्रीला ‘नानांची भूकंपाची रात्र’ म्हणायचो. कोयनेच्या खोऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हलली, आणि तेव्हापासून आमच्या भागातली म्हातारी माणसं आपलं वय भूकंपाच्या आधीचं की नंतरचं असंच सांगतात. त्यामुळे नाना भूकंपासाठी जागतात, हे मी धरून चालले होते. वयाच्या ३४ व्या वर्षी मला कळलं की नाना एका नाही, दोन पहाटांसाठी जागतात.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ७८. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून घरी आलेले. गावात त्यांना ‘पलटणवाले नाना’ म्हणतात, पण पलटणीतलं ते काही सांगत नाहीत. २६ जानेवारीला शाळेत बोलावलं तर पदकं लावून जातात, झेंड्याला कडक सलाम करतात, भाषणाला उभं केलं तर ‘पोरांनो, आईबापाचं ऐका’ एवढंच म्हणून खाली बसतात. गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून चार दिवसांची रजा काढून गेले आणि त्या रात्री त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसले. विचारायचं काहीच ठरवलं नव्हतं. थंडी कडाक्याची होती. बारा वाजून गेल्यावर नाना आपणहून बोलायला लागले.

सुरुवात भूकंपानेच झाली. बेळगावच्या सेंटरमधून रंगरुटी पुरी करून, कसम परेड होऊन पलटणीत गेलेले नाना त्या साली पहिल्यांदाच दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आले होते. वय २० वर्षांचं. मार्गशीर्ष लागलेला, भात झोडून झालेला, माळ्यावर कणग्या भरलेल्या.

“म्हशीनं दावं वढलं बग आदी,” नाना म्हणाले. “तिला कळलं हुतं. मी म्हनलं जनावर आलं आसंल, बिबट्या. उटून बसतोय तवर घाटातनं शंभर ट्रक एकदम उतरल्यागत आवाज. आन् भित आली आंगावर.”

मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती आणि वर कौलं, अशी तेव्हाची घरं. त्या भिंती आतल्या बाजूला कोसळल्या. नानांनी आईला ओढून काढलं, भावाला काढलं, मग शेजारच्या घराकडे धावले. चंद्र केव्हाच मावळलेला. काळोखात फक्त आवाज होते, आणि ज्या घरातून आवाज येत नव्हता तिथे आधी जायचं, हे त्यांना पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या रात्री सुचलं. कुणीतरी ओरडलं, ‘धरण फुटलं!’ अर्ध्या गावाने उघड्या अंगाने डोंगर धरला. धरण फुटलं नव्हतं. त्याच्या भिंतीला तडे गेले, पण ते उभं राहिलं. कोयनानगर मात्र जवळजवळ सगळं झोपलं. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा तो धक्का मुंबई-पुण्यापर्यंत पोचला. कोयनेची वीज बंद पडून तिकडचे कारखाने थांबले, आणि मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत काम करणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना गावी काहीतरी झालंय हे आधी त्या अंधारावरून कळलं.

आमच्या गावात तीन माणसं गेली. पुढे कितीतरी महिने सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. घरं पुन्हा उभी राहिली तरी म्हातारी माणसं अंगणातच झोपायची. नानांची पाठ तेव्हापासून भिंतीला लागलेली नाही.

याच भूकंपात दगड सापडला. त्याची हकिकत इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी होती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने, ज्या गावांनी शिपाई दिले त्या गावांत अशा पाट्या बसवल्या. कोकणात, साताऱ्यात त्या अजून सापडतात. मजकूर साधारण सारखाच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटलं ते कायमचं. आमचं गाव तेवढं मोठं नाही. पाटीवर गेलेले २३.

भूकंपात चावडी पडली. मलबा उपसताना ही पाटी पालथी सापडली. कुणीतरी बाजूला ठेवली, मग ती वर्षभर हौदाजवळ बायकांची धुण्याची शिळा झाली. ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली तेव्हा दर्शनी भिंतीत बसवली, आणि त्यानंतर दर रंगरंगोटीत तिच्यावरही ऑइलपेंटचा हात फिरत राहिला. अक्षरं रंगाने भरत गेली. मी शाळेत असताना त्यावर वाचता येण्याजोगे दोन आकडे उरले होते, २३ आणि ३. इंग्रजी आकडे. नाव एकही नाही. पाटीवर नावांना जागाच ठेवलेली नव्हती.

नाना मग बराच वेळ गप्प होते. मी बॅटरी लावून घड्याळ बघितलं, अडीच वाजत होते. तेव्हा ते म्हणाले, “त्येच्या नंतर चार वर्सांनी. तारीख तीच. जमालपूर.”

जमालपूर मला पुस्तकापुरतं ठाऊक होतं. १९७१ च्या युद्धात मेघालयातल्या गारो टेकड्यांच्या बाजूने आपली ९५ माउंटन ब्रिगेड पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, खाली उतरली. ४ डिसेंबरला कमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याने शस्त्रं ठेवली, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा. नदीपलीकडे जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्की मोर्चेबंदी करून बसलेली. १ मराठा, आपली ‘जंगी पलटण’, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली नदी ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि टांगाईलकडे, म्हणजेच ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. पलीकडच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, वर लेखणीऐवजी स्टेनगन हातात घेऊन भेटा असंही लिहिलं. ही गोष्ट लष्कराच्या इतिहासात फार रंगवून सांगतात. मी नानांना ती सांगितली, तर ते म्हणाले, “आमाला कुटं काय ठावं. आमाला सांगितलं खंदक खोल खना. आमी खनलं.”

त्यांच्या आठवणीतली ब्रह्मपुत्रा वेगळीच आहे. डिसेंबरातली, वाळूचे पट्टे उघडे पडलेली, तरीही पलीकडचा काठ दिसेना इतकी रुंद. “आपली कोयना तिच्यात पन्नास बारी बसंल.” गावकऱ्यांनी होड्या आणल्या, बैलगाड्या आणल्या. मॉर्टर आणि दारूगोळा बैलगाड्यांतून निघाला. नानांना ते बैल आठवतात. आखूड, बुटके, पोटं खपाटीला गेलेले. आपल्या खिलारासमोर वासरंच. वाळूत चाक रुतलं तर नाना आणि त्यांचा जोडीदार बंदूक पाठीला टाकून चाकाला खांदा द्यायचे, आणि जोडीदार बैलाशी मराठीत बोलायचा. बैल चालायचे. बायका दारात उभ्या राहून मुरमुरे आणि गूळ हातात द्यायच्या. नानांनी हे सगळं इतक्या बारकाईने सांगितलं की मला वाटलं लढाई येणारच नाही.

ती आली. १० डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जमालपूरची फौज ढाक्याकडे निसटायला निघाली, आणि तिच्या वाटेत नानांची पलटण होती. गोळीबार सुरू होऊन एकदा जवळ आलेली माणसं मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा आली. उशिरा उगवलेला अर्धा चंद्र होता. त्या उजेडात माणूस दिसायचा नाही, माणसाचं हलणं दिसायचं. त्या रात्रीचं नाना एवढंच बोलले, “तोफेचा गोळा जवळ पडला की खंदकाची भित हलायची. माती आंगावर यायची. मला वाटायचं, घरीच हाय. मी आयेला हाक मारली म्हनं. मला आटवत न्हाई. शेजारच्यानं मागनं सांगितलं.”

शेजारचा म्हणजे तो बैलाशी बोलणारा जोडीदार. त्या पहाटे तो गेला. कसा, ते नानांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उजाडल्यावर सगळं शांत झालं. जमालपूर पडलं. पलटणीला पुढे त्या नावाचा युद्धसन्मान मिळाला, कर्नल ब्रार यांना वीरचक्र. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, पलटण टांगाईलजवळच्या पुंगलीच्या पुलावर पोचली. तिथे आदल्या दिवशी विमानातून पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही पलटण होती. तीही मूळची मराठ्यांचीच पलटण. नाना सांगतात, काळोखात पुढून मराठी ऐकू आली आणि सगळ्यांना रडू फुटलं. १६ तारखेला ढाका. रमणा मैदानावरच्या शरणागतीचा तो फोटो, टेबलाशी बसलेले अरोरा आणि नियाझी, आमच्या घरात आजोबांनी कॅलेंडरमधून कापून लावलेला होता. नाना त्याच्याकडे बघायचे नाहीत.

मला ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ते ११ तारखेच्या सकाळचं आहे. उजाडल्यावर नानांच्या तुकडीला काम मिळालं, समोर पडलेली पाकिस्तानी माणसं मोजायचं. नानांनी मोजायला सुरुवात केली. साठाच्या पुढे गेले की चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून धरायचे. सुभेदारांनी शेवटी सांगितलं, राहू दे, अंदाजे लिही. त्याच वेळी ब्रिगेडकडून एक वयस्कर पंजाबी हवालदार आला. फाळणीच्या आधीच्या शाळेत उर्दू शिकलेला. तो मेलेल्या माणसांच्या खिशातली पे-बुकं काढून एकेक वाचत चालला. मोठ्याने. शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. नाना त्याच्या मागे पोतं धरून.

“त्यो वाचायला लागला आन् माजं मोजनं थांबलं,” नाना म्हणाले. “तवर आकडा हुता. नाव वाचलं की मानूस व्हतोय. मंग मोजता येत न्हाई.”

आणि एक सांगितलं. त्यातल्या काही जणांच्या गावाला नावच नव्हतं. गावाच्या जागी चक नंबर अमुक, चक नंबर तमुक. नानांनी त्या हवालदाराला विचारलं, हे काय? तो म्हणाला, आमच्या पंजाबात कालव्याच्या पाण्यावर इंग्रजांनी नवी गावं वसवली, त्यांना नंबर दिले, ते तसेच राहिले. नाना म्हणतात, त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा एकदम आपल्या चावडीचा दगड आला. २३ आणि ३.

निवृत्त होऊन घरी आल्यावर नानांनी दोनशे पानी वही आणली, आणि जुन्या लढायांना गेलेल्या गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यात लिहायला सुरुवात केली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातले काही तेव्हा हयात होते, आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरात लढलेले, इटलीतल्या चिखलातून आलेले. त्यांनी स्वतःचं आणि बरोबरच्यांचं सांगितलं. पहिल्या युद्धातल्यांसाठी नाना म्हाताऱ्या बायकांकडे गेले. पुरुषांना सन आठवायचे नाहीत, बायकांना नावं आठवायची, कारण लढाईत गेलेल्या दिराचं, भावाचं नाव त्यांनी पुढे नातवाला ठेवलेलं होतं. ‘ह्याचं नाव कुनाचं?’ एवढंच नाना विचारायचे आणि लिहून घ्यायचे. कुठे पेन्शनचा पिवळा कागद, कुठे नुसतं ‘बसऱ्याला गेला’. ती नावं मी इथे देत नाही. सगळ्या घरांना अजून विचारलेलं नाही, आणि ती त्या घरांची आहेत.

बसऱ्याला गेलेल्यांमध्ये आमच्याच घरातला एक होता. नानांच्या आजोबांचा सख्खा भाऊ. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाऱ्याला १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला, आणि १४७ दिवसांनी, १९१६ च्या २९ एप्रिलला आतल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. आत अडकलेल्यांत मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. आमचा माणूस त्यात होता की बाहेरून वेढा फोडायला गेलेल्यांत, ते घरात कुणालाच माहीत नाही. कागद आला आणि बाईने बांगड्या फोडल्या, एवढंच खाली झिरपत आलं. मी दोन वर्षांपूर्वी त्याचा शोध घ्यायला बसले तेव्हा बसऱ्याच्या युद्धस्मारकाबद्दल वाचलं. चाळीस हजारांवर मृतांचं ते स्मारक. त्यावर ब्रिटिशांची नावं कोरलेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनुसार आकडे. युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

हे सांगितलं तेव्हा नाना वही मिटून म्हणाले होते, “म्हंजी तितंबी मोजलंच.”

मला याचा राग येतो. शंभर वर्षं उलटून गेली म्हणून तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. वरी-नाचणीच्या तुकड्यावर पोट भागेना म्हणून घरातला एक मुलगा गिरणीत आणि एक पलटणीत, हा आमच्या खोऱ्याचा हिशेब होता. १९७२ च्या दुष्काळात आमचं घर तगलं ते नानांच्या मनीऑर्डरीवर. त्या मनीऑर्डरीच्या फॉर्मवर तरी पाठवणाऱ्याचं नाव असतं.

२०२२ साली आम्ही नानांना दिल्लीला नेलं. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये झालं. तिथल्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची, पंचवीस हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटच्या विटांवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. उन्हात दीड तास शोधल्यावर जोडीदाराची वीट सापडली. मला वाटलं नाना सलाम करतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वीट पुसली, आणि तिच्याशी अगदी हळू काहीतरी बोलले. मी दोन पावलं मागे होते. बैलाला हाकताना माणूस जसं बोलतो तसा तो सूर होता.

पडवीतल्या त्या रात्री चार वाजून एकवीस मिनिटांनी काहीच झालं नाही. नाना बसून होते, मी बसून होते, गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. साडेचारला ते उठले.

सकाळी मी त्यांना म्हटलं, “नाना, दगड वाचूया का नीट?” गडांवरचे शिलालेख वाचणारी पुण्यातली मंडळी अक्षरांत रांगोळी भरतात, तसं करून बघायचं माझ्या मनात होतं. सरपंचांनी हसत परवानगी दिली. आधी थिनर आणि जुन्या दातघासणीच्या ब्रशने आम्ही रंगाचे थर काढले. हिरवा, मग पिवळा, मग पुन्हा हिरवा. दोन तास गेले. मग नानांनी स्वतःच्या हाताने कोळशाची पूड दगडावर चोळली आणि कापडाने वरवरची पुसून घेतली. खाचांत काळं राहिलं, अक्षरं उठली. २३ तसेच होते. शेवटचा आकडा बघून नाना थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

तो तीन नव्हता. रंगाने त्याचं डोकं आणि मान बुजली होती म्हणून इतकी वर्षं तीन दिसत होता. इंग्रजी पाच होता.

“तुम्ही भूकंपात बघितला होतात ना?” मी विचारलं.

“मातीनं भरल्याला. आन् तवा कोन वाचतंय बाय. मानसं काडायची हुती.”

नानांच्या वहीत पहिल्या युद्धात प्राण दिलेल्यांची तीनच नावं होती. आम्ही पायरीवर बसलो. गावातलं घर न् घर त्यांनी विचारून झालेलं होतं, एकही सुटलेलं नव्हतं. मग त्यांनीच धरणाच्या पाण्याकडे मान वळवली. आमच्या गावाची एक खालची वाडी होती, नदीकाठची, बावीस उंबऱ्यांची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठायला लागलं तेव्हा ती वाडी शिवसागरात गेली. खोऱ्यातली अशी शंभरेक गावं पांगली, कोणी ठाणे जिल्ह्यात, कोणी तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात, कोणी सोलापूरकडे. दगड बसला तेव्हा ती वाडी गावातच मोजलेली होती. नानांनी वही सुरू केली तेव्हा तिथे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दुपारभर फोन झाले. मुंबईच्या मंडळाकडून एक नंबर, त्यांच्याकडून दुसरा, तिथून तिसरा. संध्याकाळी ठाणे जिल्ह्यातल्या एका वसाहतीत, खालच्या वाडीतल्या एका घराचा नातू फोनवर आला. साठीचा असावा. मी नानांच्या हातात फोन दिला. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं झालं, बहुधा आनंदाने. नानांनी ते ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, “तुमच्यातलं बसऱ्याला कोन गेल्तं का? आजीनं कुनाचं नाव कुनाला ठेवलं हुतं, जरा इच्यारा की घरात.”

तो म्हणाला, थांबा, आईला विचारतो. आई ९० वर्षांची आहे, पण नावं आठवतात.

नाना थांबले. फोन डाव्या कानाला, वही मांडीवर. त्यांनी तिसऱ्या नावाखाली चार आकडा घातला, पुढे जागा सोडली, आणि पेन टेकवून बसले.